मागच्या रांगेतला माणूस

ज्याचं सामान सगळ्यांत जड, त्यालाच जागा सगळ्यांत मागची, हा न्याय मला कधी उमगला नाही. गाणारा हात हलवत येतो नि पुढं उभा राहतो. ड्रमवाला बिचारा बिऱ्हाड हलवल्यासारखी भांडीकुंडी उतरवतो, आणि फोटोत त्याचं नुसतं कपाळ येतं!

आमच्या म्हसवडला असं नाही हं. सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं म्हणायचं खरं, पण धनगरांच्या गजी नाचात सगळ्यांचं लक्ष ढोलाकडं. ढोलाची चाल बदलली की पाय बदलतात. तिथं ढोलवाल्याला मागं बसवून दाखवा बरं!

विलायतेत मात्र रुसावं लागतं. बीटल्सचा रिंगो स्टार १९६८ च्या ऑगस्टमध्ये बँड सोडून थेट सार्डिनिया बेटावर जाऊन बसला. दोनएक आठवड्यांनी परतला तर त्याचे ड्रम फुलांनी मढवलेले. आपण बेंदराला बैल सजवतो, त्यातलाच प्रकार.

पण आपला माणूस म्हणजे त्रिलोक गुर्टू. जन्म मुंबईचा, १९५१ चा. आई ठुमरीच्या शोभा गुर्टू, मूळच्या बेळगावच्या. आजी मेनकाबाई शिरोडकर, त्याही गाणाऱ्या. अशा घरातलं पोर तबल्याला बसणारच. पुढं त्याला विलायती ड्रमचा नाद लागला आणि पंचाईत झाली. तबलजी मांडी घालून बसणार, ड्रमर स्टुलावर बसून पाय आपटणार. यानं स्टूलच काढून टाकलं! जमिनीलगत अर्धवट गुडघ्यावर बसायचं, शेजारी तबला, भोवती झांजा. देवघर मांडल्यासारखं.

१९८४ साली ‘ओरेगॉन’ या अमेरिकन चमूतला कॉलिन वॉलकॉट पूर्व जर्मनीत मोटार अपघातात गेला. सतार आणि तबला वाजवणारा माणूस. त्या जागी पुढं त्रिलोक आला. गेलेल्याच्या पाटावर बसणं सोपं नसतं. पंगतीतला प्रत्येकजण मनातून आधीच्यालाच वाढत असतो. तरी तो टिकला, आणि रॉक व जॅझची मोट बांधणाऱ्या जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबरही वाजवू लागला. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांची मैफल रेकॉर्ड झाली. गिटार, बास आणि हा. तिघांत मागची रांग काढणार कुठून?

मला विशेष वाटतं ते १९८८ च्या ‘उस्फ्रेत’चं. आपल्या रिवाजात गाणारा मुख्य, तालवाला साथीला. इथं रेकॉर्ड मुलाच्या नावाची, आणि गायला आई! शोभाबाईंसारख्या मानी गळ्यानं पोराच्या ठेक्याला साथ दिली. २००४ साली त्या गेल्या, पण तो आवाज त्या ड्रमांच्या मधोमध अजून ऐकू येतो.

राहता राहिली ती बादली. हा गृहस्थ घणघणती झांज पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवतो, सूर वाकडा होऊन खाली घसरतो, आणि युरोपातले रसिक टाळ्या पिटतात. माणदेशात हा प्रयोग करायचा तर जपून. ऐन उन्हाळ्यात भरलेली बादली दिसली की पहिल्या रांगेतून कुणीतरी घागर घेऊन उठेल.