ओकच्या राईतली साखळ्यांची टोपली

खेळांच्या इतिहासात रमणाऱ्यांना ‘पहिला’ या शब्दाचा फार मोह असतो. मलाही होता. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका लेखात आमच्या भागातल्या एका पटांगणाला एका खेळाचे पहिले मैदान ठरवून मी मोकळी झाले. महिनाभरात एका वृद्ध वाचकाचे पाकीट आले. आत त्यांच्या वडिलांच्या संघाच्या फोटोची झेरॉक्स होती. गाव दुसरे, आणि तारीख मी दिलेल्या सालाच्या सहा वर्षे आधीची. पत्रात रागाचा एक शब्द नव्हता, म्हणून ते जास्त लागले. तेव्हापासून कुठे ‘पहिला’ लिहिलेले दिसले की जमेल तर मी आधी ती जागा पाहून येते. कागदासमोर बसून न सुचणारे काही प्रश्न जागेवर गेल्यावर सुचतात.

डिस्क गोल्फच्या बाबतीत असे जाणे घडले ते भाच्यामुळे. तो कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडिना शहरात राहतो. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेले असताना एका संध्याकाळी तो सहज म्हणाला, “मावशी, डिस्क गोल्फचं जगातलं पहिलं मैदान इथून दहा मिनिटांवर आहे. येतेस खेळायला?” पुन्हा तोच शब्द. सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही निघालो.

उद्यानाचे आजचे नाव हाहामोंग्ना वॉटरशेड पार्क. जुने नाव ओक ग्रोव्ह पार्क, म्हणजे ओकची राई. हाहामोंग्ना हे नाव त्याहून कितीतरी जुने. या खोऱ्यातले मूळ रहिवासी जे टोंग्वा लोक, त्यांच्या इथल्या वस्तीचे ते नाव. उद्यान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ, कडेने मेंदी आणि ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी येते. इथे त्यातले काहीच नव्हते. पायाखाली करडी धूळ आणि तिच्यावर ओकच्या वाळक्या पानांचा थर. पान हातात घेतले तर कडेचे काटे टोचावेत असे. लाकडी बाके उन्हाने तडकलेली. वाटा कुणी आखल्या नव्हत्या, पावलांनी पाडल्या होत्या. वर मात्र ओकच्या फांद्यांचे असे छत, की साडेनऊ वाजताही खाली सावली गडद होती. “हे उद्यान आहे की कुणी विसरून गेलेली जागा?” मी विचारले. भाचा हसला आणि त्याने माझ्या हातात एक तबकडी दिली.

खेळ समजायला पाच मिनिटे पुरतात. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची. ती पडेल तिथून पुढची फेक. शेवटी ती लोखंडी खांबावरच्या टोपलीत जायला हवी. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात, त्यांवर आपटून तबकडी खाली पडते. कमीत कमी फेकींत अठरा टोपल्या पुऱ्या करील तो जिंकला. जमिनीत खड्डा कुठेच नाही, तरी प्रत्येक टप्प्याला ‘होल’च म्हणतात, गोल्फकडून उसना आणलेला शब्द तसाच राहून गेला आहे. समजले, पण हात ऐकेना. माझी पहिली फेक दहा पावलांवरच्या ओकच्या बुंध्यावर ठक्कन बसली. “मावशी, जोर लावू नकोस, सपाट सोड. आणि झाडाकडे बघू नकोस, दोन झाडांच्या मधल्या फटीकडे बघ.” पहिल्या टोपलीला मी अकरा फेकी घेतल्या. पण तेवढ्यात एक कळले. मोकळ्या माळावर हा खेळ निव्वळ दूर फेकण्याचा झाला असता. राईत प्रत्येक फेकीआधी वाट शोधावी लागते. झाडे हीच इथली प्रतिस्पर्धी.

आता कागदांकडे. तबकडीचा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावच्या फ्रिस्बी पाय कंपनीच्या पत्र्याच्या थाळ्या तिकडचे विद्यार्थी एकमेकांकडे फेकत. पश्चिम किनाऱ्यावर वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन या तरुणाने केकचे पाच सेंटचे पत्र्याचे भांडे समुद्रकिनाऱ्यावर फेकून दाखवून पंचवीस सेंटला विकायला सुरुवात केली. महायुद्धात तो लढाऊ विमाने चालवून आला आणि पुढे त्याने प्लास्टिकची तबकडी घडवली. १९५७ साली ‘व्हॅम-ओ’ या खेळणी कंपनीने ती घेतली आणि त्याच वर्षी तिला फ्रिसबी हे नाव दिले. ही कंपनी सॅन गॅब्रिएलची, म्हणजे पॅसाडिनाच्या शेजारची. याच कंपनीत १९६४च्या सुमारास एड हेड्रिक नावाचा गृहस्थ आला. तबकडीच्या पाठीवर कोरलेली वर्तुळे, जिच्यामुळे ती हवेत डगमगत नाही, ती त्याची. त्यांचे पेटंट १९६७चे. खेळणे म्हणून विकली जाणारी वस्तू खेळ म्हणून टिकेल हे त्याने ओळखले. त्यात धंदाही होता, ते त्याने लपवलेले दिसत नाही.

१९७५ साली ओक ग्रोव्हमध्ये हेड्रिकने हे मैदान आखले. कायमस्वरूपी आखलेले, सार्वजनिक, कुणीही यावे आणि खेळावे असे पहिले मैदान अशी त्याची नोंद आहे. पण त्या वेळी इथे टोपल्या नव्हत्या. जमिनीत नुसते खांब रोवलेले होते. तबकडी खांबाला लागली की टप्पा पुरा. आणि इथेच माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडली. भांडणे होऊ लागली. लागली की नाही लागली? चाटून गेली तर धरायची का? लहानपणी लगोरी किंवा लपंडाव खेळलेल्या कुणालाही हे भांडण समजावून सांगायला नको. अंपायर नसलेल्या खेळाचा जीव अशा भांडणातच जातो. हेड्रिकने त्यावर काढलेला तोडगा म्हणजे साखळ्यांची टोपली. तबकडी आत राहिली तर राहिली, बाहेर पडली तर पडली. शिवाय साखळ्यांचा खळ्ळ असा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. तिचे पेटंट त्याला १९७७ साली मिळाले. त्याआधी, १९७६ साली, त्याने व्यावसायिक खेळाडूंची संघटना काढली आणि सभासद क्रमांक एक स्वतःकडे घेतला.

मला इथे खो-खोची आठवण होते. खो-खो पोरे केव्हापासून खेळत होती कोण जाणे. पण १९१४ साली पुण्यात त्याचे नियम बांधले गेले आणि दहा वर्षांनी बडोद्याहून ते पुस्तकरूपाने निघाले, तेव्हा एका गावचा संघ दुसऱ्या गावी जाऊन भांडणाशिवाय खेळू शकला. आपल्याकडे ते काम समितीने आणि पुस्तकाने केले. ओक ग्रोव्हमध्ये ते एका लोखंडी वस्तूने केले, आणि ती वस्तू विकत मिळत होती. दोन समाजांमधला फरक दाखवायला मला तरी याहून चांगले उदाहरण अजून सापडलेले नाही.

मग पहिले कोण? १९२६ साली कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात ब्लॅडवर्थ या खेड्यातली शाळकरी मुले शाळेच्या आवारात वर्तुळे आखून त्यांत डब्यांची झाकणे फेकत. खेळाला त्यांनी ‘टिन लिड गोल्फ’ असे नावही दिले होते. मोठी झाली, पांगली, खेळ संपला. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला काही मित्र १९७०पासून शहरात हा खेळ खेळत होते, आणि १९७४ साली त्यांनी भरवलेल्या स्पर्धेचे बक्षीस चक्क एक नवी कोरी डॅटसन मोटार होती. म्हणजे ओक ग्रोव्हच्या आधी खेळ होता, खेळाडू होते, स्पर्धाही होती. रॉचेस्टरवाल्यांना हेड्रिकची माहिती नव्हती. हेड्रिकला आजही ‘डिस्क गोल्फचा जनक’ म्हणतात. मी म्हणणार नाही. त्याने खेळाला पत्ता दिला, आणि खेळाच्या इतिहासात ही लहान गोष्ट नाही. पण ब्लॅडवर्थच्या पोरांना पाकीट पाठवणारा कुणी भेटला म्हणून ती इतिहासात उरली, एवढे मी विसरू शकत नाही.

पत्ता हाच का, हा प्रश्न मला सहाव्या टोपलीजवळ पडला. तिथे झाडी जरा विरळ होती आणि खाली रुंद, कोरडे नदीपात्र दिसत होते. ही अरोयो सेको, नावाचा अर्थच ‘सुका ओढा’. एरवी कोरडी, पण डोंगरात पाऊस झाला की लोंढा आणणारी. पूर आवरण्यासाठी १९२० साली डेव्हिल्स गेट हे धरण बांधले गेले. ज्या जमिनीत पाणी कधीही शिरू शकते तिच्यावर इमारती होत नाहीत. शहर चहूकडून वाढले, हा पट्टा मात्र मोकळा राहिला, आणि ज्यांना दुसरीकडे कुणी उभे करत नव्हते ते इथे आले. ३१ ऑक्टोबर १९३६ला फ्रँक मलिना, जॅक पार्सन्स आणि त्यांचे साथीदार याच पात्रात अग्निबाणाचे इंजीन पेटवून पाहत होते. त्या दिवशी चौथ्या प्रयत्नात ऑक्सिजनच्या नळीनेच पेट घेतला आणि ती वळवळत सुटली म्हणतात. त्यातून पुढे जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली, जिची याने मंगळावर उतरली. तिची आवारभिंत या मैदानाला लागूनच आहे. अग्निबाण आणि तबकडी यांना इथे एकत्र आणणारी गोष्ट एकच: या जागेचे काय करायचे हे कुणाला ठाऊक नव्हते. पुणेकर वाचकांनी आपल्या नदीपात्रातल्या सर्कशी, जत्रा आणि सायकल शिकणारी पोरे आठवावीत. लॉन लावून, तिकीट लावून सांभाळलेल्या बागेत तबकडी फेकणाऱ्यांना पहिल्याच दिवशी शिट्टी वाजवून बाहेर काढले असते.

दुर्लक्षाबद्दलचा माझा समज मात्र तिथेच चुकीचा ठरला. नवव्या टोपलीपाशी पाणी पीत बसलेल्या एका म्हाताऱ्या खेळाडूला मी विचारले, इथे गवत का लावत नाहीत? तो म्हणाला, लावले तर ही झाडे मरतील. नंतर वाचून पडताळले, खरे आहे. हा किनारी ओक उन्हाळ्यात कोरड्या राहणाऱ्या जमिनीला सरावलेला. ऐन उन्हाळ्यात बुंध्याशी रोज पाणी दिले की मुळांना बुरशी लागते आणि शंभर-शंभर वर्षांचे झाड काही वर्षांत ढासळते. वाळक्या पानांचा थर झाडून काढणेही त्याला मानवत नाही. मी ज्याला विसरलेली जागा म्हणत होते, त्यातली बरीचशी धूळ ही झाडाची निगाच होती. टोंग्वा लोक याच ओकची फळे कुटून, पाण्यात धुऊन तुरटपणा काढून पेज करत. त्यांनीही इथे हिरवळ लावलेली नव्हती.

पण म्हणून खेळ निर्दोष ठरत नाही. परतताना मी बुंधे पाहत गेले. टोपलीच्या वाटेवरच्या झाडांना छातीच्या उंचीवर सालीत आडवे घाव होते. काही जुने, कडा भरून आलेले, काही ताजे तांबूस. घाव एकाच बाजूला, फेकीच्या दिशेने. इतर बाजूंची साल अखंड. १९७५ साली इथे फेकली जाणारी तबकडी फ्रिसबीसारखी, जाड आणि बोथट कडेची होती. १९८३ साली डेव्ह डनिपेस याने धारदार, उतरत्या कडेची तबकडी आणली. ती कितीतरी लांब जाते आणि बुंध्यावर तेवढ्याच जोराने बसते. शिवाय हजारो पावलांनी मुळांवरची माती दाबून घट्ट होते, पाणी आणि हवा आत जात नाही, हे नुकसान तर दिसतही नाही. २००९च्या वणव्याने वरचे डोंगर जळाले, राख-माती धरणात उतरली. तो गाळ काढण्यावरून पर्यावरण संस्था आणि प्रशासन यांची कोर्टात लढाई झाली, त्याच्या बातम्या झाल्या. सालीवरच्या घावांची बातमी होत नाही. ज्या झाडांमुळे हा खेळ खेळण्याजोगा आहे त्यांनाच तो रोज थोडा थोडा मारतो, आणि खेळणारी माणसे झाडांवर प्रेम करणारी आहेत. माझा भाचाही त्यांतलाच.

हेड्रिक २००२ साली वारला. त्याच्या इच्छेनुसार त्याच्या अस्थींची राख प्लास्टिकमध्ये मिसळून मोजक्या तबकड्या ओतण्यात आल्या. त्यातली एखादी या राईत कुणी फेकली असेल का, असे मी भाच्याला विचारले. “फेकली असेल तर झाडावर अडकली असेल,” तो म्हणाला.

१९७५चे खांब कुठे रोवले होते त्याची खूण मिळते का म्हणून मी शेवटच्या दोन टोपल्या न खेळता जमीन पाहत फिरले. पानांचा थर पायाने बाजूला करून पाहिला. एके ठिकाणी सिमेंटचा ओबडधोबड तुकडा निघाला. तो खांबाचा की बाकाचा, सांगता येईना. मी त्याचा फोटो घेतला आणि पाने पुन्हा जशी होती तशी सारून ठेवली.