घरगुती डार्करूम आणि डेव्हलपरची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

कृष्णधवल फिल्मवर प्रकाशाने उमटलेली प्रतिमा डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपरमधील रसायन प्रकाश लागलेल्या चांदीच्या क्षारांचे धातुरूप चांदीत रूपांतर करते, तेव्हाच ती प्रकट होते. या टप्प्यावरील चूक पुढे दुरुस्त होत नाही. म्हणूनच घरी फिल्म धुणाऱ्यासाठी डेव्हलपरची निवड निर्णायक ठरते. ही निवड केवळ रसायनाच्या गुणांवर नव्हे, तर हवा, पाणी आणि घरातील श्रम यांवरही अवलंबून असते, हे महाराष्ट्राच्या इतिहासातून स्पष्ट होते.

दादरची घरगुती प्रयोगशाळा

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा व छिद्रणयंत्र घेऊन परतले. कच्च्या फिल्मला छिद्रे नसत. ती अंधारात पाडणे, रसायने मिसळणे व फिल्म धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके शिकल्या. दादरच्या राहत्या घरीच, मंडळींचा स्वयंपाक सांभाळून, त्यांनी ती पार पाडली. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे हे श्रम होते. चित्रपटाच्या इतिहासात कॅमेऱ्याइतके स्थान या कामाला मिळालेले नाही.

पर्यायांचा विकास

त्या काळापर्यंत पायरोगॅलॉल, हायड्रोक्विनोन (१८८०), मेटॉल आणि रोडिनाल (दोन्ही १८९१) हे पर्याय जगभर रूढ झाले होते. पायरोने हात व कपडे डागाळत. रोडिनाल हे दाट द्रावण दीर्घकाळ टिकते व ऐनवेळी पाणी मिसळून वापरता येते. रेषा ठसठशीत येतात, मात्र कण ठळक दिसतात. १९२७ च्या सुमारास कोडॅकचा डी-७६ आला. एक लिटर द्रावणात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम व टाकणखार २ ग्रॅम, असे त्याचे प्रमाण. भरपूर सल्फाइटमुळे कण बारीक राहतात आणि छायेतील तपशील टिकतो. इलफर्डचा आयडी-११ जवळपास याच सूत्राचा आहे.

उष्मा व पाणी

ही सूत्रे थंड देशांत घडली; त्यांचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरले जाते. वाशिम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावी उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. उष्ण द्रावणात जिलेटिन फुगून मऊ पडते आणि धुण्याचा वेळ घटतो. तो पाच मिनिटांखाली गेल्यास प्रतिमा डागाळते. बर्फाच्या पाण्यात भांडे ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय होय. उष्ण प्रदेशांसाठीच्या काही सूत्रांत फुगवटा रोखण्याकरिता सोडियम सल्फेट घालीत. डी-७६ समभाग पाण्यात मिसळल्यास वेळ वाढून नियंत्रण सुलभ होते. असे द्रावण मात्र एकदाच वापरावे लागते. विहिरीच्या जड पाण्यातील चुन्यामुळे साका बसतो, म्हणून उकळून गाळलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी श्रेयस्कर.

निष्कर्ष

क्वचित फिल्म धुणाऱ्यास टिकाऊ रोडिनाल सोयीचे, तर नियमित काम करणाऱ्यास व सूक्ष्म कण हवे असणाऱ्यास डी-७६ उपयुक्त ठरते. तथापि, सर्वोत्तम डेव्हलपर असा एकच नाही. हाताशी असलेले पाणी, ऋतू आणि काम करणाऱ्याची सवय यांच्याशी जुळणारा डेव्हलपर हाच योग्य. सरस्वतीबाईंच्या हातांनी हे काम घरातच सिद्ध केले होते. त्यांची नोंद चित्रपटाच्याच नव्हे, तर महाराष्ट्रातील उपयोजित रसायनशास्त्राच्या इतिहासातही होणे आवश्यक आहे.