सावलीची झाडे: वडापासून गुलमोहरापर्यंत

शाळेच्या आवारात झाड लावायचे ठरले की आपल्याला पहिल्यांदा गुलमोहर आठवतो. तो भराभर वाढतो आणि मे महिन्यात लालभडक फुलतो. मात्र मार्च-एप्रिलात, ऊन तापू लागलेले असताना, त्याच्या फांद्या बहुधा उघड्या असतात. सावलीसाठी लावलेले झाड नेमके तेव्हाच सावली देत नाही!

रस्त्याकडेला कोणते झाड लावावे हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात नोंदवले आहे की, माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून त्याने रस्त्यांवर वड लावविले आणि आमराया उभ्या केल्या. नुसती 'झाडे' लावली असे तो म्हणत नाही, वडाचे नाव घेतो. या निवडीमागे जाण दिसते. वडाची जाड फांदी रोवली तरी जगते, आणि भर उन्हाळ्यात तो क्वचितच पूर्ण निष्पर्ण होतो. त्याच्या फळांवर पाखरे आणि वटवाघळे पोसली जातात. या फळांतील फुलांचे परागीभवन गांधीलमाशीच्या गटातला एक चिमुकला कीटक करतो. त्या कीटकालाही वाढायला वडाचे फळच लागते.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. १८२९ मध्ये विल्यम हूकर यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि वसाहतींतील बागांमधून तो उष्ण प्रदेशांत सर्वत्र पसरला. अमेरिकेतला पर्जन्यवृक्ष आणि आग्नेय आशियातला सोनमोहोर हेही असेच दूरदेशीचे. शोभा आणि झपाट्याने वाढ, ही नव्या शहरांची गरज होती. वडाची मुळे भिंती फोडतात ही तक्रारही खोटी नव्हती.

महाराष्ट्रात १९७५ साली शहरांतील झाडांच्या जतनाचा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी नवी झाडे लावावीत, अशी तरतूदही आली. आमच्या मते हा हिशेब पूर्वीपेक्षा बरा आहे. पण ६० वर्षांचा वड गेला आणि ६० रोपे लागली, तरी कीटकांचे, पाखरांचे आणि दुपारच्या सावलीचे काय झाले, हे आकड्यावरून कळत नाही.

शिक्षकांना ते मुलांकडून मोजून घेता येईल. मार्च महिन्यात दुपारी बारा वाजता आवारातल्या एकेका झाडाची सावली किती पावलांची पडते आणि किती दाट आहे ते नोंदवावे, फांद्यांवरची पाखरे मोजावीत, आणि वडाची व गुलमोहराची नोंद शेजारी शेजारी लिहावी.