नोंदवहीतून ग्रंथाकडे : ग्रंथपालाचे लेखनकार्य आणि झाडीपट्टीचा संदर्भ

प्रस्तावना

लेखकाने ग्रंथ लिहावा, ग्रंथपालाने तो जतन करून वाचकाच्या हाती द्यावा, अशी श्रमविभागणी सामान्यतः गृहीत धरली जाते. इतिहासात मात्र या समजुतीला अनेक अपवाद आढळतात. इंग्रज कवी फिलिप लार्किन यांनी १९५५ पासून १९८५ मध्ये निधन होईपर्यंत हल विद्यापीठाचे ग्रंथालय सांभाळले. त्यांची कविता आणि त्यांचे ग्रंथालयीन कर्तव्य ही मुख्यतः शेजारी शेजारी चालणारी दोन कामे होती. महाराष्ट्रात याहून वेगळा प्रकारही दिसून येतो. येथे ग्रंथालयातील नोंदीमधूनच लेखन जन्माला आले. त्याचे स्वरूप तपासणे आणि झाडीपट्टीसारख्या प्रदेशात त्याचे मोल काय ठरते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परशुराम कृष्ण गोडे : अभिरक्षक आणि संशोधक

पुणे येथे १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. पुढील वर्षी मुंबई सरकारने डेक्कन कॉलेजमधील सुमारे वीस हजार हस्तलिखितांचा संग्रह या संस्थेकडे सोपविला. देवरुख येथे जन्मलेले परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) १९१९ मध्ये संस्थेचे अभिरक्षक झाले व अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांनी काव्य, नाटक, अलंकार, संगीत इत्यादी विषयांच्या हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची तयार केल्या आणि चारशेहून अधिक शोधनिबंध लिहिले.

या दोन कामांचा संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. सूचीकाराला प्रत्येक पोथीचा कर्ता, लेखनकाळ, लेखनिक आणि तीत उल्लेखिलेले अन्य ग्रंथ नोंदवावे लागतात. एखाद्या पोथीवर लेखनाचे वर्ष असेल, तर तीत उद्धृत झालेला ग्रंथ त्या वर्षापूर्वीचा ठरतो. अशा उल्लेखांची साखळी जोडून गोडे यांनी अनेक संस्कृत ग्रंथकारांचे काळ निश्चित केले. याच पद्धतीने त्यांनी दैनंदिन जीवनाचाही इतिहास शोधला. जिलेबीच्या इतिहासासाठी त्यांनी इ. स. १४५० च्या सुमारास झालेल्या जिनसूराच्या प्रियंकरनृपकथेपासून सतराव्या शतकातील रघुनाथाच्या भोजनकुतूहलापर्यंतचे उल्लेख एकत्र आणले. राजघराण्यांच्या बखरींत सहसा न सापडणारा हा इतिहास पोथ्यांच्या पानोपानी विखुरलेला होता. तो एकत्र दिसण्यासाठी संग्रहाशी रोजचा सहवास असलेला अभ्यासक आवश्यक होता.

तथापि गोडे यांचे बहुतांश लेखन इंग्रजीत असल्यामुळे सामान्य मराठी वाचकापर्यंत ते पुरेसे पोहोचले नाही, ही मर्यादाही नोंदविली पाहिजे.

शंकर गणेश दाते : सूची हेच लेखन

मुद्रित मराठी ग्रंथांबाबत असेच मूलभूत कार्य शंकर गणेश दाते (१९०५–१९६४) यांनी केले. ते पदाने ग्रंथपाल नव्हते, परंतु त्यांच्या कार्याचा कच्चा माल ग्रंथालयांच्या कपाटांतच होता. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील, तर १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांची नोंद आहे. मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला आजही या सूचीचा आधार घ्यावा लागतो. ज्या पुस्तकाची कोठेच नोंद नाही, ते पुस्तक इतिहासाच्या दृष्टीने जवळजवळ लिहिलेच गेले नाही असे होते.

कोहमारा परिसर आणि न झालेल्या नोंदी

नेमका हाच प्रश्न गोंदिया जिल्ह्यात उभा राहतो. सडक अर्जुनी तालुक्यातील कोहमारा हे मुंबई–कोलकाता महामार्गावरील गाव असून तेथून नवेगावबांधमार्गे वडशाकडे रस्ता जातो. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे प्रमुख केंद्र आहे. दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने या भागात गावोगावी रात्रभर नाटके व दंडारी रंगतात. त्यांच्या अनेक संहिता छापल्या जात नाहीत. जाहिरातपत्रके हंगाम सरताच नष्ट होतात. त्यामुळे नाटककार, कलावंत आणि प्रयोग यांचा काळ ठरविण्याचे साधनच नाहीसे होते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ मुळे ग्रंथालयांना मान्यता, वर्ग आणि अनुदान यांची चौकट लाभली. मात्र केवळ विकत घेतलेल्या पुस्तकांच्या दाखलनोंदीने ही उणीव भरून निघणार नाही. प्रयोगाची तारीख, गाव, मंडळी, लेखक आणि संहितेची प्रत कोणाकडे आहे, एवढे पाच रकाने असलेली साधी नोंदवहीसुद्धा भावी इतिहासकाराला दिशा देऊ शकेल.

निष्कर्ष

गोडे आणि दाते यांच्या कार्यावरून असे दिसते की ग्रंथालयीन लेखन हे फावल्या वेळेचे काम नसून नोंदीच्या कामाचीच पुढची पायरी आहे. गोडे यांच्यापुढे निदान वीस हजार पोथ्या होत्या. झाडीपट्टीतील ग्रंथपालाला मात्र आधी संग्रह उभा करावा लागेल, मगच त्यावर लिहिता येईल. हे काम अधिक कठीण आहे, आणि जुने नाटककार व कलावंत हयात आहेत तोवरच ते होऊ शकते.