माग काढणारे

'ट्रॅकिंग' हा शब्द आता मराठीत कोणालाच परका वाटत नाही. कुरियरने पाठवलेले पुस्तक कुठवर पोचले, लेकीची बस कुठे आहे, हे मोबाईलवर पाहायचे म्हणजे ट्रॅकिंग. याला मराठीत काय म्हणावे असे कोणी विचारले की लगेच एखादा जडजंबाल संस्कृत शब्द घडवून दिला जातो. मला ते कधीच पटले नाही. आपल्याकडे दोन अक्षरांचा 'माग' असताना ही उठाठेव कशाला?

माग आला मार्गावरून, आणि मार्गाचे नाते व्युत्पत्तिकार 'मृग' या शब्दाशी जोडतात. मृग म्हणजे नुसते हरीण नव्हे, कोणतेही रानटी जनावर. म्हणून तर सिंहाला मृगेंद्र म्हणतात. त्याच्या पावलांची वाट तो मार्ग. आधी जनावर चालले, त्याच्या मागून माणूस गेला आणि रस्ता झाला, असाच याचा अर्थ. शोधणे या अर्थाचा धातूही त्याच कुळातला, त्यातून 'मागणे' आले. मराठीतले 'मागे' आणि आमच्या कोंकणीतले 'मागीर' हेही त्याच घरचे. ('मागीर येतां' म्हणून गेलेल्या गोंयकाराचा पुढे माग लागत नाही, ती गोष्ट वेगळी!)

गुजरातेत हाच उद्योग करणाऱ्याला 'पगी' म्हणतात, पग म्हणजे पाऊल यावरून. इंग्रज शिकाऱ्यांनी हा 'पग' उचलला आणि वाघाच्या ठशाला 'पगमार्क' म्हणू लागले. म्हादईच्या रानात वाघाचे पगमार्क दिसल्याची बातमी आपण वाचतो तेव्हा आपलाच पाय इंग्रजी शेपूट लावून परत आलेला असतो. आमच्या काणकोणचे पागी मात्र यातले नव्हेत. ते दर्यावरचे, मासे पागणारे.

पण माग या शब्दाला खरे वजन होते ते देशावरच्या गावगाड्यात. तिथे माग काढणे हे गावच्या रखवालदाराचे काम; पुण्याच्या बाजूला तो बहुधा रामोशी असे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात या रखवालदाराची कर्तव्ये आली आहेत. चोरी झाली की त्याने चोराच्या पावलांवरून निघायचे. माग शिवेपलीकडे गेला, तर पावलाच्या मापासकट तो शेजारच्या गावच्या रखवालदाराच्या हवाली करायचा. त्याची खात्री पटली की पुढचा भार त्याच्यावर. आणि माग आपल्याच शिवेत विरला तर? तर गेलेल्या मालाची भरपाई. मातीतला एक ठसा म्हणजे जणू दस्तऐवजच, तो एका गावाला मोकळे करी आणि दुसऱ्याला बांधून घाली. आपल्या मोबाईलवरच्या ट्रॅकिंगमध्ये पार्सल हरवल्याचे कळते, पण ते कोणाच्या शिवेत हरवले हे कबूल करायला कोणी पुढे येत नाही.

या कामाबद्दल रामोशांना हक्क आणि वतने होती. पुरंदर किल्ल्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होती. ती गेली, वतने गेली, आणि पुरंदरच्याच पायथ्याच्या भागातले उमाजी नाईक इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. गावोगाव पावले वाचणारी ही माणसे स्वतः रानोमाळ झाली आणि सरकार त्यांच्या मागावर निघाले. डोक्यावर इनाम लागले. डोंगर आणि वाटा ठाऊक असलेल्या माणसाला पकडायला सरकारला काही वर्षे लागली, आणि शेवटी फितुरी उपयोगी पडली. १८३१ च्या अखेरीस उमाजी सापडले, ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी दिले.

त्यांच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने १८३३ मध्ये रामोशांवर एक पुस्तक छापले. त्यांच्या चालीरीती, त्यांची गुप्त बोली, त्यांची राखणदारी यांविषयी आज जे कोणी लिहितात, त्यांना त्या पुस्तकाकडे जावेच लागते.