वनांतील विसावा

गडहिंग्लजला आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर राजा रविवर्मा यांच्या शकुंतलेचें एक रंगीत छापील चित्र होतें. गवतावर पहुडून पत्र लिहिणारी शकुंतला आणि जवळ स्वस्थ बसलेल्या दोघी सख्या. कोणी येऊन हटकील अशी भीति तिघींपैकीं एकीच्याहि मुद्रेवर नाहीं. कालिदासानें तिला फुलांनीं झांकलेल्या शिळेवर निजविलें आहे. रविवर्म्यानें गवतावर आणलें, आणि माझ्या मतें बरेंच केलें. गवतावरची स्वस्थता आम्हां खेडवळांना अधिक समजते.

मूळ तैलचित्र इ. स. १८७६ मधलें. तें मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनीं विकत घेतलें, आणि मोनिअर विल्यम्स यांनीं आपल्या 'शाकुंतला'च्या इंग्रजी भाषांतरास मुखचित्र म्हणून तेंच निवडलें. पुढें १८९४ सालीं रविवर्म्याचा शिळाछापखाना मुंबईस निघाला व नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. प्रत्येक रंगाला निराळा दगड, ठशावर ठसा. अशा रीतीनें राजवाड्यांतलें वन ओसऱ्यांवर उतरलें.

विलायतेंत असलीं वनचित्रें पुष्कळदां ताम्रपटावरून छापीत. पटावर मेणाचा लेप देऊन सुईनें रेघा ओढावयाच्या आणि त्या तेजाबानें खाववावयाच्या. सॅम्युएल पामर याचा निजलेला मेंढपाळ असाच, १८५७ सालचा. तोंपर्यंत इंग्लंडांतील बहुतेक सामाईक कुरणें कुंपणांत गेलीं होतीं.

आमच्याकडेहि हा योग चुकला नाहीं. शकुंतला रंगल्यावर दोनच वर्षांनीं, १८७८ त, जंगलचा कायदा झाला. राखीव रानांत गुरें चारणें व लांकूडफांटा आणणें गुन्हा ठरलें. जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या ग्रंथांत जंगलखात्यानें गांवच्या चराऊ जमिनी गिळल्याची तक्रार केली आहे. ठाणें-कुलाब्याकडे असंतोष इतका वाढला कीं सरकारला चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. गडहिंग्लज तेव्हां कोल्हापूर संस्थानांत, म्हणून हा इंग्रजी कायदा येथें थेट लागू नव्हता. पण शेजारचा बेळगांव जिल्हा खालसा मुलुखांतला.

'शाकुंतला'च्या पहिल्याच अंकांत तपस्वी दुष्यंताला अडवितात: हा आश्रमाचा मृग आहे, मारूं नको. बाण चढविलेला राजा मुकाट्यानें तो उतरवितो. वनांतल्या माणसांनीं राजाला 'नाहीं' म्हणावें आणि राजानें ऐकावें, हें कालिदासाला सहज वाटलें. १८७८ नंतर राजाचा शिपाई रानाच्या तोंडाशीं उभा राहिला आणि हटकलें जाऊं लागलें तें वनांतल्या माणसाला.

माझ्या लहानपणीं मेंढरांमागून येणारे धनगर दुपारच्या उन्हांत आमच्या ओसरीवर, त्या चित्राखालींच घोंगडीं टाकून टेकत. त्यांपैकीं कोणी चित्राकडे मान वर करून पाहिल्याचें मला आठवत नाहीं.