कानशिलातली खिडकी

आमच्या इतवारीत तापाने फणफणलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, की घरातली म्हातारी माणसं म्हणायची, 'याला वात झाला.' वैद्यांच्या भाषेत तो सन्निपात. वात, पित्त, कफ तिन्ही एकदम बिघडल्याचं लक्षण. सराफा ओळीपासून मस्कासाथेपर्यंतच्या घरांमध्ये मी चाळीस वर्षं डॉक्टरकी केली. हे वाक्य दबक्या आवाजातच बोललं जायचं, कारण पुष्कळदा पुढची बातमी चांगली नसे. त्या बरळणाऱ्या माणसाच्या मेंदूत नेमकं काय चाललेलं असतं, ते पाहण्याची वाट वैद्यकाला कशी सापडली, त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

जखम चिघळली की आपण 'सेप्टिक झालं' म्हणतो. डॉक्टर 'सेप्सिस' म्हणतात तेव्हा त्यांना त्याहून मोठं संकट सांगायचं असतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कुजणं. संसर्ग फुप्फुसाचा असो, लघवीच्या मार्गाचा असो की बाळंतिणीचा. त्याच्याशी लढता लढता शरीराची स्वतःचीच यंत्रणा बेताल होते आणि धडधाकट अवयवांनाही इजा करू लागते, तो सेप्सिस. या अर्थाची व्याख्या २०१६ साली पक्की झाली. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अशा रुग्णाचं हृदय नाडीवरून कळतं, मूत्रपिंडं लघवीवरून कळतात, फुप्फुसं नळीने ऐकता येतात. मेंदू मात्र कवटीत बंद. त्यामुळे रुग्णाचं बरळणं बराच काळ तापाच्याच खात्यावर मांडलं गेलं. ताप उतरला की बोलणं ताळ्यावर येईल, असा हिशेब असे. मूत्रपिंड निकामी व्हावं तसा मेंदूही सेप्सिसमध्ये निकामी होऊ लागतो, आणि कधी कधी सगळ्यांच्या आधी, हे ध्यानात यायला वेळ लागला.

या गोष्टीचे दोन धागे एकाच साम्राज्यात, पाच वर्षांच्या अंतराने सुरू झाले. १८४२ साली प्राग शहरात ख्रिश्चन डॉप्लर या गणिताच्या प्राध्यापकाने जोडताऱ्यांच्या रंगांवर एक निबंध वाचला. लहरी सोडणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर त्या लहरी दाटतात, दूर जात असेल तर विरळ होतात, हे त्याचं म्हणणं. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने बाळंतिणींना तपासण्याआधी क्लोरीनच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली आणि सूतिकाज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले. सूतिकाज्वर म्हणजे बाळंतिणीचा सेप्सिसच. एकाने लहरींचा नियम सांगितला, दुसऱ्याने या रोगाला अडवायची वाट दाखवली. दोन्ही धागे रुग्णाच्या उशाशी एकत्र यायला मात्र पुढे सव्वाशेहून अधिक वर्षं जावी लागली.

डॉप्लरचं म्हणणं समजायला प्रयोगशाळा लागत नाही. इतवारी स्टेशनावरून नागभीडकडे जाणारी छोटी गाडी २०१९ साली बंद झाली, पण तिची शिटी ऐकलेली माणसं अजून इथे आहेत. गाडी जवळ येताना शिटी चढ्या सुरात लागायची आणि समोरून निघून गेली की तोच सूर एकदम उतरायचा. १८४५ साली हॉलंडमध्ये बाइस बॅलट या शास्त्रज्ञाने हेच करून पाहिलं. आगगाडीच्या डब्यावर तुतारीवाले बसवले आणि रुळांच्या कडेला सुरांचे जाणकार उभे केले. डॉप्लरचा नियम खरा ठरला.

शिटीच्या जागी कानाला ऐकू न येणारा ध्वनी घ्या आणि गाडीच्या जागी रक्तातल्या तांबड्या पेशी. पेशींवर आदळून परत आलेल्या ध्वनीचा सूर किती बदलला यावरून रक्त किती वेगाने वाहतं ते काढता येतं. जपानमधल्या ओसाका इथे शिगेओ सातोमुरा यांनी १९५० च्या दशकात हे तंत्र हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर वापरलं. मेंदूपाशी मात्र हाड आडवं आलं. नवजात बाळाची टाळू भरलेली नसते, म्हणून तिथून आत डोकावता आलं; १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते साधलं. मोठ्या माणसाचं काय? रून आस्लिड या नॉर्वेच्या संशोधकाने १९८२ साली सहकाऱ्यांसह स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये वाट शोधली. कानशिलाचं हाड पातळ असतं. तिथून २ मेगाहर्ट्झचा, म्हणजे पोटाच्या सोनोग्राफीपेक्षा खालच्या सुराचा ध्वनी आत जातो आणि मेंदूच्या मधल्या धमनीतला प्रवाह सांगतो. निरोगी प्रौढाच्या या धमनीत रक्त सेकंदाला साधारण ५० ते ६० सेंटिमीटर वेगाने वाहतं. कापाकापी नाही, सुई नाही, किरण नाहीत. रुग्णाला खाटेवरून हलवावंही लागत नाही.

हे सेप्सिसमध्ये कशासाठी पाहायचं? मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू तो वीस टक्के खातो. म्हणून त्याचा पुरवठा सांभाळायला निसर्गाने पाटकरी बसवला आहे. कालव्याला पाणी कमी येवो की जास्त, चांगला पाटकरी दारं उघडमीट करून शेताला बेताचंच पाणी देतो. तसं रक्तदाब काही मर्यादेत खालीवर झाला, तरी मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण करून प्रवाह सारखा राखतात. सेप्सिसमध्ये हा पाटकरीच काही रुग्णांत आजारी पडतो. मग रक्तदाब घसरला की मेंदूचं रक्तही तेवढंच घटतं. स्वित्झर्लंडमध्येच बाझेल इथल्या डॉक्टरांनी २००८ साली सेप्सिसच्या मोजक्या रुग्णांवरचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची ही व्यवस्था बिघडली होती, त्यांच्यात भ्रम अधिक आढळला.

यातून एक मोठा प्रश्न उभा राहतो. सेप्सिसच्या झटक्यात सरासरी रक्तदाब निदान ६५ ठेवावा, असा जगभरचा सर्वसाधारण संकेत आहे. पण ज्याचा पाटकरी आजारी, त्याच्या मेंदूला ६५ पुरतात का? कानशिलावरचं यंत्र एकेका रुग्णापुरतं उत्तर देऊ शकेल, अशी आशा आहे. यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते रक्ताचा वेग सांगतं, एकूण किती रक्त गेलं ते सांगत नाही. काहींचं, विशेषतः वयस्क स्त्रियांचं, कानशील इतकं जाड असतं की ध्वनी आत जातच नाही. आणि या मोजणीवरून उपचार ठरवल्याने सेप्सिसचे अधिक रुग्ण वाचतात, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

एका आजारात मात्र हे यंत्र कसोटीला उतरलं आहे आणि तो आजार विदर्भाच्या ओळखीचा आहे: सिकलसेल. या मुलांच्या मेंदूतल्या धमन्या अरुंद होतात आणि लहान वयात पक्षाघात होतो. धमनीतला वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर गेलेल्या मुलांना नियमित रक्त दिलं, तर पक्षाघाताचा धोका नव्वद टक्क्यांहून अधिक घटतो, हे अमेरिकेत १९९८ साली दिसून आलं. अशा मुलांची प्लीहा निकामी होत जाते, म्हणून त्यांना सेप्सिसचं भयही जास्त.

पण यंत्र येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? याचं उत्तर आपल्याच गडचिरोलीने दिलं आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांचा सेप्सिस ओळखायला शिकवलं. आधी नीट रडणाऱ्या बाळाची रड क्षीण झाली का? दूध ओढणारं बाळ ओढेनासं झालं का? हुशार बाळ मलूल पडलं का? सेप्सिस ओळखण्याच्या लक्षणांत ही तीन ठळक होती. अंग तापणं-गार पडणं, धाप अशी लक्षणं जोडीला होती. त्यावरून त्यांनी घरीच औषध आणि इंजेक्शन दिलं. पूर्वी सेप्सिस झालेल्या शंभर बाळांपैकी सुमारे १७ दगावत, ते प्रमाण तीनच्या आत आलं. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

रडणं, दूध ओढणं, हुशारी ही सगळी मेंदूचीच खबर. ती माउलीला आधी कळते. म्हाताऱ्या माणसांचंही तसंच. त्यांना कधी कधी तापही येत नाही. फक्त कालपर्यंत दुकानाचा हिशेब तोंडी सांगणारे आजोबा आज नातवाला ओळखत नाहीत, नाहीतर दिवसभर गुंगीत पडून राहतात. जोडीला श्वास जोरात चालत असेल, लघवी कमी झाली असेल, हातपाय गार पडत असतील, तर 'वयच झालं' म्हणून सकाळची वाट पाहू नका. इतवारीतून मेयो रुग्णालय लांब नाही. तिथे न्या, आणि डॉक्टरांना पहिली गोष्ट ही सांगा, की माणूस शेवटचं नीट कधी बोलला होता.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)